वरच्या मजल्याचे आवाज

१ ऑक्टोबर
ठरलं. तक्रार करायची. मी कटकटी नाही, हुसाविक गावात कुणालाही विचारा. पण वर ती पोलिश बोझेना राहते आणि ठोके, खडखड, गुडगुड चालू. इमारत समितीचा अध्यक्ष स्नायब्योर्न म्हणाला, "स्टेनवोर, तारीखवार लिहून दे. आणि इंग्रजीत. तिला आपली भाषा कुठली येणार?"
म्हणजे मासे कापायला ती येणार आणि परकी भाषा मी शिकणार. शिकेन. शाळा चौदाव्या वर्षी सुटली, वाचन सुटलं नाही.

३ ऑक्टोबर
नवऱ्याचा, कोल्बेनचा, जहाजावरचा शब्दकोश काढला. पानांना अजून डिझेलचा वास. रडले वगैरे नाही. वहीत दोन रकाने आखले, डावीकडे आमचा शब्द, उजवीकडे इंग्रजी. दिंकुर – थड. मर्र – क्रीक, ती करकर. ग्लामुर – क्लॅटर. रोज दहा शब्द.

४ ऑक्टोबर
एकच झाला. बाउंक – नॉक. दर्जा महत्त्वाचा.

८ ऑक्टोबर, दुपारी साडेबारा
थंडी वाढली. खिडकीखालच्या गरम पाण्याच्या रेडिएटरचा नळ पूर्ण उघडला. बाई तेवढ्याचीच वाट बघत होती. बारा ठोके, मग गुडगुड. गुत्ल – गर्गल. दिवसभर कामावर असते म्हणे!

११ ऑक्टोबर
पोहण्याच्या तलावावर गेले. गरम कुंडात ओदनी भेटली. माशांच्या फॅक्टरीत ती बोझेनाच्याच टेबलावर असते. म्हणाली, "अगं, ती चारपर्यंत माझ्यासमोर उभी असते."
मी म्हटलं, "मग काय भूत ठोकतं?"
"तुझ्या रेडिएटरची हवा काढलीस का? आत हवा अडकली की ठोके पडतात. ते कोल्बेनचं काम होतं ना?"
मी लवकर बाहेर आले. पाणी फार गरम होतं. ओदनीला पहिल्यापासून दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची सवय.

१४ ऑक्टोबर
ह्रोतुर – स्नोर. हा आवाज वरून येत नाही, पण यादी पूर्ण हवी. छत्तीस वर्षं घोरणं ऐकलंय, शब्द वाया का घालवू? आता झोप छान लागते. आठवड्यातून दोनदा तरी.

१८ ऑक्टोबर
तक्रार दिली. दोन पानं, तेवीस शब्द, प्रत्येकापुढे वेळ. स्नायब्योर्न म्हणाला, "बाप रे! हे तर छापण्यासारखं आहे." वर ताकीद जाणार. येताना दालचिनीचे दोन रोल घेतले. दुसरा सवयीने घेतला.

२५ ऑक्टोबर
ताकदीचं लेखन वाया जात नाही. ती महिनाअखेर खोली सोडतेय. जिंकले.
ठोके चालूच. जाताजाता सूड उगवतेय.

३१ ऑक्टोबर
सकाळी दारात बोझेना. बूट काढून, हातात माझी तक्रार. आणि बोलली चक्क आमच्या भाषेत. तुटक, पण आमच्याच.
"स्टेनवोर, मी घरात मोजे घालून चालते. मला वाटायचं, तूच खिळे ठोकतेस. एकटी आहेस, म्हणून कधी बोलले नाही."
तेवढ्यात ठोके पडले. ती माझ्यासमोर उभी असताना.
तिने रेडिएटरकडे पाहिलं. "हवा काढायची चावी आहे?"
चावी कोल्बेनच्या कोटाच्या खिशात होती. एप्रिलमध्ये तो गेल्यापासून त्या खिशात मी हात घातला नव्हता. तिने माझा कॉफीचा कप खाली धरला, चावी फिरवली. हवा बराच वेळ फुसफुसत राहिली, मग पाणी आलं. मग काही नाही.
"हे दरवर्षी कोण करायचं?"
"नवरा."
तिने कप धुऊन ठेवला, बूट घातले. जिन्यात तिची सूटकेस उभी होती.
'जाऊ नकोस' तिच्या भाषेत नाही आलं तरी माझ्या भाषेत चाललं असतं. मी म्हटलं, "कप राहू द्यायचास, मी धुतला असता."
उद्या सकाळी पहिलं काम, स्नायब्योर्नला खरं सांगायचं.

१ नोव्हेंबर
वारा होता. सोमवारी सांगेन.

६ नोव्हेंबर
दुकानात स्नायब्योर्न भेटला. "काय, झाली ना शांतता?"
"झाली," म्हटलं. भाजीच्या रांगेत असल्या गोष्टी बोलत नाहीत.
क्वैस – हिस, हवेची फुसफुस. यादी पूर्ण.
दुपारी चमच्याने रेडिएटरवर दोनदा वाजवून पाहिलं. थांबले. पुन्हा वाजवलं, जरा जोरात.
वरून कुणी काही म्हणालं नाही.