आडवी मान

सोफिया, १२ मार्च

चि. यासेन यास अ. उ. आ.

आईने चीज भरलेली बनित्सा केली होती, तुझा वाटा मीच फस्त केला. गोड मात्र लागला नाही. त्या दिवशी प्रवासी विमान घेऊन समुद्रावर आपली हद्द ओलांडताना मी रेडिओचा आकडा चुकीचा फिरवला. कुणी बोलेना, तर मला वाटलं आज गर्दी नाही. मग तुमच्या हवाईदलाची दोन लढाऊ विमानं आली. डावीकडच्याने पंख हलवले, मीही नियमाप्रमाणे हलवले. त्याने अंगठा वर करून विचारलं, सगळं ठीक ना? मी मान हलवली. तरी आम्हाला वाटेतच बुर्गासच्या विमानतळावर उतरवलं आणि दिवसभर तपासलं.

विमानात त्स्वेता आजी होत्या, सोफियाच्या इस्पितळात अत्यवस्थ नवऱ्याला भेटायला निघालेल्या. त्या पोचल्या तेव्हा खाट रिकामी झाली होती. चौकशीवाले म्हणतात, कप्तानबाईंनीच 'ठीक नाही' असं कळवलं. आता परवाना जातो की काय! मी असं का कळवीन रे? मागचं विमान तुझं होतं म्हणे. काय ते लिही.

लोभ शिळा होऊ देऊ नकोस.
तुझी ताई नेवेना

छावणी, १७ मार्च

ती. ताईस सा. न.

आकडा तू चुकलीस, पण आजींचा दिवस मी खाल्ला. तुला अंगठा दाखवणारे, पुढच्या विमानातले साहेब परदेशी, मित्रदेशाच्या हवाईदलातले. रेडिओवर म्हणाले, बाई मान आडवी हलवून 'नाही' म्हणताहेत. आपल्याकडे आडवी मान म्हणजे हो आणि उभी म्हणजे नाही, हे मला सांगता आलं असतं. मला हसू फुटलं गं. वाटलं, हा किस्सा घरी जेवताना सांगू. तेवढ्यात साहेबांनी तुम्हाला उतरवायची परवानगी मिळवली, आणि मग तोंड उघडायची लाज वाटली.

आज चौकशीत सगळं ओकलो. माझं उड्डाण बंद केलंय. ते योग्यच झालं. तुला तोंड कसं दाखवू?

लहान समजून पदरात घे.
तुझा यासेन

सोफिया, २५ मार्च

चि. यासेन यास अ. आ.

गाढवा, तुझ्या जबानीने माझा परवाना वाचला. आईने विचारलं, धाकट्याला माफ केलंस का. मी मान आडवी हलवली. तुझ्या साहेबांना सांगू नकोस, पुन्हा उलटं समजतील.

काल त्स्वेता आजींकडे गेले. त्यांनी कॉफी दिली, माझा आकडा, तुझं हसू, सगळं ऐकून घेतलं. शेवटी मी विचारलं, आम्हाला माफ कराल का? आजींनी मान उभी हलवली.

रविवारी ये. दोघं मिळून पुन्हा जाऊ.

तुझीच,
ताई