मैदानावरचे तळे नाहीसे झाल्याबाबत खुलासा

प्रति,
मा. पर्यटन अधिकारी तथा क्रीडा अधिकारी
(दोन्ही पदे एकाच खुर्चीत),
नगरपालिका कार्यालय, दुसरा मजला.

विषय : तळे काढून नेल्याच्या आरोपाबाबत खुलासा व विनंती.

संदर्भ : 'तळे कोठे ठेवले ते कळवावे' ही आपली नोटीस, जी अर्जदाराच्या दुकानाच्या दारावर डिंकाने चिकटवली असून अद्याप निघालेली नाही.

महोदय,

अर्जदार चौकात चष्म्यांचे दुकान चालवतो. फोटोग्राफी हा त्याचा धंदा नसून नाद आहे. हिवाळा लागला की दर रविवारी भल्या पहाटे तो कॅमेरा गळ्यात अडकवून मैदानावर जातो. आधी धुके टिपतो आणि ऊन वर आले की फुटबॉलचे सामने. गावच्या संघाचा कप्तान हा अर्जदाराच्या पत्नीचा धाकटा भाऊ आहे. भावाचा गोल हुकला तरी चालेल, पण त्याचा फोटो हुकता कामा नये, असा घरचा दंडक आहे.

१. गेल्या महिन्यात मैदानाच्या कोपऱ्यातली पाण्याची मुख्य वाहिनी फुटली आणि रातोरात मैदानभर पाणी साचले. सकाळी अर्जदार पोचला तेव्हा खेळाडू परत गेले होते. पाण्यावर धुके टेकले होते आणि पलीकडच्या गोलचा फक्त आडवा दांडा वर दिसत होता. दृश्य सुंदर होते, म्हणून अर्जदाराने फोटो काढला आणि 'थंडीतली सकाळ' असे नाव देऊन आपल्या कार्यालयाच्या स्पर्धेत पाठवला. त्यात 'तळे' हा शब्द कोठेही नव्हता, हे कृपया दप्तरी पाहावे.

२. फोटोला पहिले बक्षीस मिळाले. अर्जदार हरखून गेला, हे तो नाकारत नाही. परंतु आठवड्याच्या आत बसस्थानकावर त्याच फोटोचे भलेमोठे फलक लागले : 'धुक्यातले तळे. एकदा तरी पाहावे असे.' गोलच्या दांड्याखाली 'प्राचीन धक्का' असे छापले होते. अर्जदार तसाच धावत आपल्या कार्यालयात आला. आपण बैठकीत होता. आपले लिपिक म्हणाले, "अहो, फलक लागले आता. तळं नाही म्हणून कसं चालेल?"

३. लोक तळे पाहायला येऊ लागले. सबब वाहिनीची दुरुस्ती 'तळ्याच्या उगमास बाधा' या कारणास्तव थांबवण्यात आली. पाण्यात उंच खुर्ची रोवून तीवर नगरपालिकेचा एक जुना जीवरक्षक नेमण्यात आला. पाणी पोटरीपर्यंतही येत नव्हते, पण गडी इमानी. शिट्टी तोंडात धरून दिवसभर पाण्याकडे टक लावून बसे. पुढे बदकेही आली. ती कोणाच्या आदेशाने आली, हे अर्जदारास माहीत नाही.

त्यानंतर संघाला एकाच दिवशी दोन पत्रे आली. पर्यटन शाखेच्या पत्रात तळ्यात फुटबॉल खेळण्यास सक्त मनाई होती. क्रीडा शाखेच्या पत्रात उपांत्य सामना त्याच मैदानावर होईल व गैरहजर संघ बाद ठरेल, असे होते. अर्जदाराने दोन्ही पत्रे दुकानातल्या भिंगाखाली धरून पाहिली. सही एकच, आपली.

४. घरी पत्नीने अबोला धरला. धरण्यापूर्वी ती एवढेच म्हणाली, "अहो, तुमच्या एका फोटोपायी माझा भाऊ बदकांत खेळायचा!" मेहुण्याचा हा शेवटचा हंगाम आहे. गुडघ्याने हात टेकले आहेत आणि या हिवाळ्यानंतर पुरे, असे डॉक्टरांनी बजावले आहे. तो मात्र रागावला नाही. म्हणाला, "दाजी, फोटो झकास आलाय. मलाही क्षणभर वाटलं, तळंच आहे." शिव्या दिल्या असत्या तर अर्जदाराला बरे वाटले असते.

५. उपांत्य सामना पाण्यातच झाला. चेंडू घरंगळेना, तरंगू लागला. खेळाडू पडला की जीवरक्षक शिट्टी फुंकून त्याला बाहेर ओढी, आणि ती पंचांची शिट्टी समजून खेळ थांबे. आपल्या संघाचा एक गोल कसाबसा झाला. शेवटी वारा सुटला व चेंडू एकटाच आपल्या गोलकडे निघाला. दोन्ही संघ गारठून जागीच उभे. गोलकीपरला शिंकांतून डोळे उघडता येईनात. तेवढ्यात जीवरक्षक "बुडतोय, बुडतोय!" असे ओरडत झेपावला आणि ऐन रेषेवर त्याने चेंडू उराशी धरला. समोरच्या संघाने आकाशपाताळ एक केले. पंचांनी नियमांचे पुस्तक चाळले. बुडत्याला वाचवू नये असा नियम त्यात सापडला नाही. आपला संघ अंतिम फेरीत गेला आणि गोलकीपर तापाने अंथरुणात.

६. गेल्या आठवड्यात आपल्याच निवासस्थानी नळाला पाणी येईना. आपण पाणीपुरवठा विभागाला तातडीचे पत्र दिले व त्यांनी तत्परतेने वाहिनी दुरुस्त केली. रातोरात पाणी जिरले. सकाळी पर्यटकांची बस आली, तर समोर चिखल आणि दोन गोल. त्यांनी गलका केला, तेव्हा लिपिकाने नोंदवही उघडली. तीत 'तळे काढणारा : चष्मेवाला' असे लिहिलेले आढळले.

महोदय, अर्जदाराने फोटो काढला आहे, तळे काढलेले नाही. तरीही आपल्या कर्मचाऱ्यांनी दुकानाची झडती घेतली आणि भिंगे पुसायच्या पाण्याची बाटली 'तळ्याचा नमुना' म्हणून पंचनाम्यासह जप्त केली. तेव्हापासून अर्जदार गिऱ्हाइकांचे चष्मे सदऱ्याच्या टोकाने पुसत आहे.

सबब विनंती की, नोटीस मागे घ्यावी, बाटली परत मिळावी आणि रविवारचा अंतिम सामना त्याच मैदानावर होऊ द्यावा. मैदानात तूर्त चिखल आहे. तो पाहण्यासारखा नाही, त्याचा फलक लावू नये.

आणखी एक. तळे नाही म्हणून जीवरक्षकाला उद्यापासून कमी करण्यात येत असल्याचे समजते. तसे करू नये. तो रोज सकाळी आपणहून सरावाला येतो आणि बिनपाण्याच्या गोलमध्येही तशाच उड्या मारतो. मेहुण्याला तो म्हणाला, "एवढी वर्षं नोकरी झाली, पण खरंखुरं वाचवायला कोणी मिळालंच नाही. तो चेंडू पहिला." हे ऐकून अर्जदाराच्या पत्नीने अबोला सोडला व त्याच्यासाठी लोकरीचे हातमोजे विणायला घेतले.

रविवारी आपणही सामन्याला यावे. कोणत्या पदाने यायचे ते आपण ठरवावे. बसायला जीवरक्षकाची उंच खुर्ची रिकामी आहे. तो गोलमध्ये असेल.

आपला नम्र व तळेविरहित,
(सही)
चष्मेवाला, चौकातील दुकान

दिनांक : १४ जानेवारी

सोबत :
१. आपल्या सहीची परस्परविरोधी पत्रे.
२. चिखलाचा फोटो (केवळ पुराव्यासाठी, स्पर्धेसाठी नव्हे).