फाटकापुढचा शिरीष

मंगळवार, १७ जून

तीर्थरूप बाबांस नमस्कार.

कालव्याकडच्या रस्त्यावरचे अकरा शिरीष बुरशीनेच वाळले, हे आज सकाळी प्रयोगशाळेतल्या बाईंनी फोनवर पक्कं केलं. बुरशी मातीतली आहे, शिरीषालाच धरते, एका झाडाच्या मुळांतून शेजारच्या झाडात जाते. पाणी कमी पडलं, डांबराने मुळं गुदमरली, हे तुमचे दोन्ही अंदाज चुकले.

गुडघा कसा आहे? आई सांगते, माझं नाव निघालं की तुम्ही पेपर तोंडासमोर धरता. धरा. हे पत्र तिला मोठ्याने वाचायला सांगितलंय.

गणना संपली. अडतीस रस्ते, चार हजार एकशे बारा झाडं. प्रत्येकाला टेप लावली, साल पाहिली, पान चुरगळून वास घेतला, तुम्ही शिकवलंत तसा. जाती निघाल्या एकोणतीस. ऐकायला बरं वाटतं. पण शंभरातली सत्तर झाडं एकट्या शिरीषाची. तुतीची तर अख्ख्या शहरात दोनच, त्यातलं एक इस्त्रीवाल्याच्या दुकानात अर्धं घुसलेलं.

तुमच्या हाताखाली शिकून साहेब झालेल्या काकांनी परवा केबिनमध्ये बोलावलं. "अगं, तो सत्तरचा आकडा कुठेतरी मागच्या पानावर टाक. रोपवाटिका तीस वर्षं तुझ्या बापाकडे होती. लोक काय म्हणतील?"

"बापाने तीस वर्षं एकाच झाडाच्या शेंगा पेरल्या म्हणतील. पेरल्याच आहेत."

"जीभ बापाचीच," म्हणाले, आणि अहवाल ठेवून घेतला. आकडा पहिल्या पानावर आहे. खाली माझी सही.

या शहराला सावली तुम्ही दिलीत, हेही त्याच पानावर आहे. ते तुम्हाला कोणी वाचून दाखवलं नसणार. एकसारखी रांग डोळ्यांना बरी दिसते, म्हणायचात. दिसते. वाळतेही रांगेनेच.

आता जे लिहायला इतका वेळ लावला ते. रविवारी तुम्ही गुडघा दाखवायला गेलात, तेव्हा मी आपल्या फाटकापुढच्या शिरीषाची साल खरवडली. आत तपकिरी रेघा आहेत. बाईंकडे गेलेला बारावा नमुना त्याचाच, त्यातही तीच बुरशी निघाली. शेंगा याच झाडाच्या, लावला माझ्या जन्माच्या साली, सगळं माहीत आहे मला. म्हणून लाल फुली मीच मारली, दुसऱ्या कोणाला मारू दिली नाही.

तुम्ही म्हणाल, हे एक ठेव. नाही ठेवणार. गल्लीत अजून चौदा शिरीष धडधाकट आहेत.

गुरुवारी सकाळी आठला करवतवाले येतील. मी सातपासून फाटकाशी असेन. त्यानंतर शेजारीच लावायला जांभळाचं रोप येईल. बाहेर आलात तर खड्डा तुम्ही सांगाल तेवढा. नाही आलात तर मी घेईन तेवढा.

तुमच्याच हट्टाची,
खारूताई