अकरा वर्षं मारले, आता पाळते

तीर्थरूप आत्येस,

साष्टांग नमस्कार. (खरोखरचा समज, कारण पलंगावर पालथी पडून लिहितेय. टेबलावर आईने उकळलेल्या बरण्या उपड्या घातल्यात आणि तिथे बोट लावायची कुणाची बिशाद नाही.) तुझा गुडघा काय म्हणतो? आतोबांचा खोकला थांबला का, की अजून मधेच फोनवर सगळ्यांना दचकवतात? इकडे सगळं क्षेम आहे. म्हणजे आई क्षेम आहे. माझं काय आहे ते सांगते, पण उभी असशील तर आधी बस.

मी दातांच्या दवाखान्यातली नोकरी सोडली. सोडून आठ महिने झाले. सध्या मी सांडपाण्याच्या प्लांटवर शिकाऊ ऑपरेटर आहे. हो, तेच सांडपाणी. स्वयंपाकघराचं, न्हाणीघराचं आणि (नाक धरू नकोस, मीही धरत नाही) बाकीचंही. आत्या, अगं मी इतकी खूश आहे की सकाळी गजराच्या आधी जाग येते! मला, जिला शाळेसाठी तोंडावर पाणी मारून उठवायचे!

झालं असं, की गेल्या वर्षी प्लांटचे साहेब आमच्याकडे दाढ दाखवायला आले. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या तोंडात कापूस कोंबला आणि फोन घ्यायला बाहेर गेल्या. मी सहज विचारलं, तुम्ही काय करता? ते कापसातूनच म्हणाले, "तुम्ही जंतू मारता, आम्ही पाळतो." झालं, माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. घाण पाणी मोठ्या टाकीत घेतात, खालून हवा फुंकतात, त्या हवेवर जंतू पोसतात आणि घाण खाऊन फस्त करतात, हे त्यांनी निम्मं हातवाऱ्यांनी सांगितलं. मी म्हटलं, मी इतिहासात बी.ए. आहे, मला घ्याल का? आता तोंडात एवढा कापूस असल्यावर माणूस नाही तरी कसं म्हणणार? त्यांनी मान हलवली. (ती आडवी हलवली होती, असं ते आजही म्हणतात. मी उभी पाहिली.) मग सहा महिने संध्याकाळचा वर्ग केला. तिथे सगळी इंजिनिअर पोरं, आणि मी घनमीटर म्हणजे किती बादल्या ते बोटांवर मोजणारी. पण रेटलं.

पहिल्या आठवड्यात टाकीच्या कठड्यावरून वाकून बघताना चष्मा आत. दुसऱ्या आठवड्यात चुकीचा व्हॉल्व्ह उघडला आणि साहेबांच्या नव्या बुटांना आंघोळ घातली. हे सगळं माफ झालं. खरा पराक्रम पुढेच आहे. टाकीतून बाहेर पडणारं पाणी किती स्वच्छ झालं ते बघायला ते बाटलीत भरून पाच दिवस बंद ठेवतात. आतल्या जंतूंनी जितका कमी प्राणवायू खाल्ला, तितकी पाण्यात घाण कमी. प्रयोगशाळेचं काम माझ्याकडे आलं, आणि बाटल्या बघून माझ्या अंगावर काटा आला. कडेला पिवळट थर! अकरा वर्षं मी चिमटे आणि आरसे उकळलेत गं, हात गप्प बसेनात. दवाखान्यात वापरायचे तेच जंतुनाशक आणलं, सगळ्या बाटल्या त्यात रात्रभर बुडवल्या, आणि दवाखान्याच्या सवयीने पाण्याने न विसळता नुसत्या निथळून भरल्या.

पाच दिवसांनी आकडा आला, जवळजवळ शून्य. प्लांटच्या जन्मात असा आकडा आला नव्हता! साहेबांनी चहा मागवला, मला पुढे उभं करून फोटो काढला, आणि सगळ्यांदेखत म्हणाले की बाईंना पुढच्या महिन्यापासून कायम करतो. मी हवेत. दुपारी बाटल्या धुवायला घेतल्या तर ओळखीचा वास आला. दवाखान्याचा! जंतूंनी काही खाल्लं नव्हतं, कारण खायला कुणी जिवंतच नव्हतं. सगळे मी मारले होते.

आत्या, खरं सांगते, मनात आलं होतं की गप्प बसावं. कुणाला कळलं असतं? पण तो कागद वर जाणार, मग कुणीतरी म्हणणार पाणी एवढं चांगलं असेल तर हवा कमी फुंका, आणि खाली नदीतले मासे मरणार. गेले साहेबांकडे, सांगून टाकलं. ते जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग इतके हसले की दाढेला हात लावला. पाणी पुन्हा तपासलं. आकडा नेहमीचाच, सरळमार्गी. आणि तरी मला कायम केलं गं! वर अर्धवेळ पदविकेचा फॉर्मही त्यांनीच भरून दिला. चार वर्षांनी तुझी भाची इंजिनिअर, म्हणजे अभ्यास झाला तर.

आता अडचण. आईला यातलं अक्षर माहीत नाही. ती अजून सगळीकडे सांगते, पोरगी डॉक्टरांकडे आहे, कशी स्वच्छ नोकरी! मी प्लांटवर आंघोळ करून, कपडे बदलून घरी येते. रोज म्हणते आज सांगू, आणि रोज तिच्या बरण्या बघून उद्यावर ढकलते.

आतोबांना नमस्कार.

तुझी लाडकी (अजून असेन तर)

ता. क. १ : कायम झालेल्याच्या डोक्यावर पहिलं पिवळं हेल्मेट घरच्या माणसाने चढवायचं, अशी आमच्या प्लांटची पद्धत आहे. येत्या शनिवारी माझं आहे. बाकी सगळ्यांची माणसं येणार. आत्या, पाया पडते, शुक्रवारच्या आत ये आणि आईला तूच सांग. तुझंच ऐकते ती.

ता. क. २ : प्लांटवरून फोन आलाय, हवेचं मशीन बंद पडलंय, जंतू गुदमरतील. आईला सांगितलंय कुणाची तरी दाढ ठणकतेय. पळते. आल्यावर पाकीट चिकटवीन.

वन्संना नमस्कार.

पाकीट मीच चिकटवते आहे. उघडं टाकून गेली, मी वाचलं, त्याबद्दल मला काही वाटत नाही. दोन महिन्यांपूर्वी दाढ माझीच ठणकत होती म्हणून दवाखान्यात गेले, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमची मुलगी इथून कधीच गेली की हो. पत्ता त्यांनीच दिला. रागारागाने तडक गेले. वॉचमनने जिन्यावर उभं करून दाखवलं, ती बघा तुमची मुलगी. बरणीत गढूळ पाणी घेऊन उजेडात धरून बघत होती आणि एकटीच हसत होती. दवाखान्यात अकरा वर्षांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. हाक न मारता परत आले.

तेव्हा शुक्रवारी या जरूर, पण मला काही सांगायला नको. तिचं तिला सांगू दे, मी रोज वाट बघते आहे. नाहीच सांगितलं, तर शनिवारी आपण दोघी न बोलावता जाऊ. तिच्या डोक्यावर हेल्मेट मी घालणार.