बारवेतल्या वाघळांना धूर देऊ नको

औरंगाबाद, पौष, १९७४

चि. सटवाजीस थोरल्या भावाचा आशीर्वाद.

दवाखान्यात माझं बरं हाय. खोकला उतरायलाय. घरी समद्यांची तब्येत कशी हाय?

आपल्या घरच्या माघातल्या लग्नाआधी बारव साफ करताना तू वाघळांना मिरच्यांचा धूर देणार, असं नात रुख्मिणीनं कळवलं. बाबा, आत्ता नको. थंडीत किडे कमी, म्हणून त्यांनी आधीच खाऊन अंगात चरबी साठवलेली असती. त्या शिदोरीवर ती गार पडून निजतात. धुरानं उठून फडफडली, की शिदोरी सरते अन् उपाशी मरतात. ‘दादा वाघळांचा वकील झाला’ म्हणशील, म्हण खुशाल.

वऱ्हाडाला पाणी हिरीचं आण. होळीला वाघळं आपणहून उठतील. तोवर मलाबी सोडतील, असं डॉक्टर म्हणतात.

तुझा दादा,
नागनाथ