माझं वाक्य मलाच पुरं करू द्या

चिलेंजे, लुसाका
२३ ऑगस्ट

प्रिय बाबा,

नमस्कार. मी बरी आहे. तुमचा गुडघा कसा आहे? इथे ऑगस्टचा वारा सुटलाय. दार घट्ट लावलं तरी मक्याच्या न्शिमाच्या पातेल्यात धूळ येते. काळी गाय व्यायली आणि कालवड झाली, हे चोलवेदादाकडून कळलं. छान झालं. गुडघ्याचं मलम मोंझेच्या बसच्या ड्रायव्हरकडे दिलंय, दादाला शुक्रवारी स्टँडवर पाठवा. गेल्या दोन्ही नाताळांना मला घरी येता आलं नाही. कामाचा रेटा होता.

दादाने तुमचा निरोप फोनवर सांगितला. शब्द न् शब्द सांग म्हटलं, तसा त्याने सांगितला. "झिंबाबाईंची माफी माग. लेखी माग. बोलता येत नसेल, तर निदान उद्धटपणा तरी करू नये."

झिंबाबाई तुमच्या शाळेतल्या, तुमच्या हाताखाली शिकलेल्या. आज त्या आमच्या कार्टून स्टुडिओच्या मालकीण आहेत आणि मी बत्तीस वर्षांची आहे. तरी माझी तक्रार वडिलांकडे! त्यांची बाजू तुम्ही ऐकलीत, आता माझी ऐका. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर मी अडखळले की पुढचे शब्द तुम्ही घालता आणि ते माझे नसतात.

इथे तीन वर्षं काम करतेय. खिडकीजवळचं टेबल माझं. वर्षाच्या शेवटी झिंबाबाई प्रत्येकाला एक कागद देतात. माझ्या कागदावर तिन्ही वर्षं तेच लिहिलेलं: चित्रं उत्तम, संवाद कच्चा. या वर्षी त्यांनी मला 'आत्मविश्वासाने बोला' नावाच्या शिबिरालाच धाडलं. हॉटेलच्या हॉलमध्ये एक गृहस्थ माईक घेऊन उभे. म्हणाले, सगळ्यांनी छाती फुगवून ओरडा, "मी सिंह आहे!" आमच्या गाडीचा ड्रायव्हर इतका जोरात ओरडला की वेटरच्या हातातला ट्रे कलंडला. मी तोंड उघडलं नाही. माईकवाले माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या आतला सिंह झोपलाय." मी मनात म्हटलं, माझ्या आत सिंह नाहीच, मी आहे. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला प्रमाणपत्र दिलं. ते मी टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घातलंय.

आता मुख्य गोष्ट. मी एक मुलगी तयार केली. तिचं नाव झुबा, वय आठ. आजोबांची गुरं राखते. एका सकाळी नदीवर दाट धुकं पडतं आणि गुरं हरवतात. सगळं गाव हाका मारत धावतं. झुबा मात्र एका जागी उभी राहून ऐकते, आणि तिला गुरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येतात. पूर्ण गोष्टीत ती फक्त चार वाक्यं बोलते. सहा महिने दर शनिवार-रविवारी मी तिला घरी बसून काढत होते.

मुबिता नावाचा आमच्याकडे एक जण आहे. लोझी जमातीचा. बोलायला लागला की पाहुणे चहा प्यायचं विसरतात. पहिल्यांदा मीच त्याला म्हणाले होते, "झिंबाबाईंना तू सांग ना, मला जमत नाही." हे तुमच्यापासून लपवत नाही, सुरुवात माझीच. तो बोलला आणि फार सुरेख बोलला. त्या मीटिंगला त्याने माझं नाव घेतलं, झुबा 'त्वाम्बोची' होती. पुढच्या मीटिंगला 'आमची' झाली. महिन्याभरात 'माझी झुबा' झाली, आणि मी मान खाली घालून तिच्या फ्रॉकला रंग भरत राहिले.

मग जोहान्सबर्गहून एका मुलांच्या वाहिनीचे दोघे आले, एक बाई आणि एक गृहस्थ. मुबिता उभा राहून म्हणाला, "माझी झुबा म्हणजे नुसता पोपट! अखंड बडबड, गाणी, धमाल!" मला वाटलं, माझ्या पोरीला कुणी दुसऱ्याचे कपडे घालून रस्त्यात नाचवतंय.

त्या पाहुण्या बाई चित्रं उलटत होत्या. त्यांनी विचारलं, "पण प्रत्येक चित्रात हिचं तोंड मिटलेलं का?"

मुबिता हसला. "चित्रं काढणारी टोंगा आहे ना! हे लोक गाईंशी बोलतात, माणसांशी नाही."

सगळे हसले. लोझींचं आणि आपलं चेष्टेचं नातं, त्यांचा शब्द मनाला लावून घ्यायचा नसतो, हे तुम्हीच शिकवलंत. लावून घेतलाही नसता. पण झिंबाबाई हात उडवून म्हणाल्या, "जाऊ दे, तिला काही सांगायचं नसतं. आपण पुढे जाऊ."

बाबा, हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. कुठे ते तुम्हाला ठाऊक आहे.

मी उभी राहिले. खुर्ची मागे पडली, ती कुणी उचलली नाही. मी म्हणाले, "झुबा..." आणि तिथेच अडले. मुबिता लगेच, "तिला म्हणायचंय की..."

"थांब," मी म्हणाले. "वाक्य माझं आहे."

मग पुन्हा काही सुचेना. झिंबाबाईंनी घड्याळ पाहिलं. एरवी अशा वेळी मी खाली बसते. त्या दिवशी बसले नाही. शब्द सापडेपर्यंत उभी राहिले आणि त्यांनाही थांबायला लावलं. मग मी सांगितलं. तुटक तुटक सांगितलं, चुकून पुन्हा सांगितलं, पण सगळं सांगितलं. झुबा माझी आहे. ती मुकी नाही. तिला शब्द सापडायला वेळ लागतो आणि माणसं तेवढी थांबत नाहीत, गुरं थांबतात. ती बडबडी असती तर तिला घंटा ऐकूच आल्या नसत्या. तिला पोपट करायचं असेल तर ही चित्रं मी घरी घेऊन जाईन. ती मी घरी काढलीत आणि प्रत्येकाच्या मागे माझी सही आहे.

शेवटी मुबिताकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही लोझी माशांसारखे. तोंड कायम उघडं, ऐकायला कान कुठे आहेत?"

जोहान्सबर्गच्या बाई इतक्या हसल्या की त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. झिंबाबाई अजिबात हसल्या नाहीत.

पाहुणे गेल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. "पाहुण्यांसमोर लाज काढलीस. एवढं बोलता येतं तर तीन वर्षं काय झालं होतं?"

"तीन वर्षं कुणी विचारलं नव्हतं."

"सोमवारपर्यंत लेखी माफी हवी."

सोमवारी मी कागद दिला. त्यावर एवढंच होतं: खुर्ची पाडली त्याबद्दल दिलगीर आहे. त्यानंतर त्यांनी तुम्हाला फोन केला.

पुढचं त्यांनी तुम्हाला सांगितलं नसणार. गेल्या आठवड्यात वाहिनीचं पत्र आलं. मोठी मालिका नको म्हणतात. एकच गोष्ट हवी, आठ मिनिटांची, झुबा आहे तशीच, चारच वाक्यं बोलणारी. गोष्ट आणि चित्रं म्हणून माझं नाव लागेल. मालिका हातची गेली म्हणून झिंबाबाई अजून धुमसतायत. नोकरी राहील की नाही सांगता येत नाही. गेली तर गेली. आठ मिनिटं माझी आहेत.

मुबिता आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मग एक दिवस टेबलाजवळ येऊन उभा राहिला. त्याला शब्द सापडत नव्हते, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मी थांबले. तो म्हणाला, "खरं सांगू? मला वाटायलाच लागलं होतं की ती माझी आहे." एवढंच. मी त्याला खुर्ची दिली.

आता तुमच्याशी.

कामाचा रेटा वगैरे काही नव्हता. दोन्ही नाताळांना स्टुडिओ बंद होता. मी इथे खोलीत बसून होते.

आईला पुरलं त्या दिवशी मी एक पान लिहून आणलं होतं. चार रात्री लिहीत होते. तुम्ही माझं नाव पुकारलंत. मी पुढे आले, पान उघडलं, आणि आवाज आला नाही. बाबा, मला थोडाच वेळ हवा होता. लोक उन्हात उभे होते, मान्य. पण ती माझी आई होती. तुम्ही माझ्या हातातून पान काढून घेतलंत, घडी करून कोटाच्या खिशात घातलंत, आणि तुमच्या त्या शाळेच्या प्रार्थनासभेच्या आवाजात म्हणालात, "हिला काही सांगायचं नाही. आपण पुढे जाऊ." मग तुम्ही आईबद्दल बोललात. छान बोललात. बायका रडल्या. पण तुम्ही सांगितलेली बाई मी ओळखत नव्हते.

शाळेतही तुम्ही असंच करायचात. बातम्या वाचताना मी अडकले की पान तुमच्या हातात जायचं. नाव मात्र तुम्हीच ठेवलंत त्वाम्बो, म्हणजे सांगायच्या गोष्टी. एकही सांगू दिली नाहीत. तुम्ही दुष्टपणा केलात असं मी म्हणत नाही. मला वाटतं माझी शांतता तुम्हाला सोसवत नव्हती. पोरगी सगळ्यांसमोर बुडतेय असं वाटून तुम्ही उडी मारत होतात. मी बुडत नव्हते, बाबा. मी फक्त हळू पोहत होते.

तेव्हा माफी मी मागणार नाही. झिंबाबाईंची नाही, तुमचीही नाही. नोकरी जाईल या भीतीने नाही, आणि तुम्ही रागवाल म्हणून तर मुळीच नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी आईच्या थडग्यावर दगड बसवायचाय, असं दादा म्हणाला. मी येतेय. शुक्रवारी दुपारच्या बसने पोचेन. त्या दिवशी आईबद्दल मी बोलणार आहे. ते पान अजून त्या कोटात असेल तर राहू द्या, ते मला नकोय. जे सांगायचंय ते आता वेगळं आहे. कदाचित अर्धा तास लागेल, त्यातला निम्मा वेळ मी नुसती उभी असेन. लोकांना सावलीत बसवा, म्हाताऱ्यांना खुर्च्या द्या, हवं तर प्यायला गार चिब्वान्तू वाटा. तुम्ही पुढच्या रांगेत बसा. मी अडखळले तर उठू नका.

तेवढं जमत नसेल तर दादाकडून निरोप पाठवू नका, स्वतःच्या हाताने लिहा. मी तरीही येईन.

माफी न मागता, तुमचीच,
त्वाम्बो