दफनभूमीच्या मागचं गवत

३ सप्टेंबर, सकाळी ७
संकल्प: दफनभूमीचा मागचा तुकडा वाचवायचा. तिथे कधीच नांगर फिरला नाही. कांगारू गवत, लिली, डेझी, सगळं जुनं, देशी. दफनभूमीच्या कमिटीला मात्र लॉन हवंय. २० ऑक्टोबरला वनस्पतीतज्ज्ञ डॉ. व्रोबेल येणार. त्यांनी आखलेल्या एका चौरसात पंचवीस देशी जाती भरल्या तर तुकडा तसाच राहील. मध्ये दातेरी गवत नावाचं परदेशी तण घुसलंय. ते मी काढणार. एकटी.

५ सप्टेंबर
अग्निशमन दलाचा म्हातारा मर्व्ह कुंपणाला टेकून म्हणाला, "पोरी, फावडं ठेव खाली. त्या बाईला येऊन बघू दे. मग मार्चमध्ये मी जाळून देतो, तण आपोआप ताळ्यावर येईल." जाळून! ह्या लोकांना दुसरं सुचतच नाही. नको म्हटलं. हसला. हसणाऱ्यांची मी यादी ठेवते.

१२ सप्टेंबर
पुस्तकातली खूण सोपी आहे. पान चिमटीत फिरवायचं. सुईसारखं गोल फिरलं तर तण, अडखळलं तर देशी. आईने आम्हाला घरीच शिकवलं, त्यामुळे शाळेत गेलेल्यांसारखं मी अर्धवट वाचत नाही. पहिला पुंजका: गोल फिरला. दुसरा: गोल. भयंकर! सगळं तणच आहे.

१४ सप्टेंबर
डेक्लन (सख्खा भाऊ, दुर्दैवाने) ओरडला, "ताई, वेल्डिंगचे हातमोजे घालून गवत उपटतेस? लग्नातही हेच घालणार का?" सापांचे दिवस आहेत. अक्कल नसलेल्याला उत्तर द्यायचं नाही. यादीत दुसरा.

९ ऑक्टोबर
एकसष्ट पुंजके उपटले. मुळांबरोबर काही लिली आल्या. डब्यात लावल्या, मेल्या. त्यांच्यात जिद्दच नव्हती. मर्व्ह ढीग बघून निघून गेला. हरला बिचारा.

२० ऑक्टोबर
डॉ. व्रोबेल आल्या. ढिगातलं एक पान चिमटीत फिरवलं. अडखळलं. दुसरं. अडखळलं. दहावं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हातमोजे काढ आणि फिरवून बघ." काढले. बघितलं.
"हातमोजे घालून सगळंच गोल लागतं गं," त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
चौरसात नऊ जाती भरल्या. त्यातही चार क्लोव्हरच्या, म्हणजे परदेशीच. मर्व्हने टोपी काढून हातात धरली होती. हसला नाही. यादीतून खोडावं लागेल.

रात्री
पुस्तकात "उघड्या हाताने" असं कुठेही छापलेलं नाही. पुन्हा तपासलं. दोनदा.

२ नोव्हेंबर
कमिटीचं मतदान: लॉन. चार विरुद्ध एक. तो एक मर्व्ह.

२३ नोव्हेंबर, शनिवार
गवत कापायच्या पाळ्या लागल्या. पहिलं नाव माझं. मर्व्हने स्वतःचं यंत्र पेट्रोल भरून आणून दिलं. कुंपणाशी एक डेझी फुललेली दिसली. वळसा घालणार होते. पण कमिटीच्या कागदावर स्पष्ट लिहिलंय: सर्वत्र एकसारखे कापणे. मी सूचना नीट वाचते.